तपासणीपुरता भरलेला दवाखाना

माणसाबद्दल लिहायचं तर त्याचं चांगलं आधी सांगावं, अशी आपल्याकडे रीत आहे. रामलिंग बिरादारचं चांगलं सांगायला मला काहीच अडचण नाही, ते भरपूर आहे. अडचण पुढच्या भागाची आहे. त्यात मीही आहे. स्वतःला वगळून हे लिहिता येतं का, ते मी दोन-तीनदा करून पाहिलं. नाही जमलं.

रामलिंग अहमदपूर तालुक्यातला, शिरूर ताजबंदच्या अलीकडच्या एका खेड्यातला. घर लिंगायतांचं, गळ्यात लिंग, आणि सकाळची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही असा माणूस. फौजेत तो चोवीस वर्षं नर्सिंग असिस्टंट होता, म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली जखमा धुणारा, टाके काढणारा, सलाइन लावणारा. हवालदार होऊन परत आला. मीही हवालदारच, पण कारकून. त्यानं बंदुकीपेक्षा चिमटा जास्त धरला आणि मी टाइपरायटर. गावाला मात्र आम्ही दोघंही 'फौजी'. गावाला वाटतं, आम्ही रोज उठून सरहद्दीवर गोळ्या झाडत होतो. आम्हीही ते कधी खोडून काढलं नाही.

अहमदपुरात माजी सैनिकांचा एक दवाखाना आहे. भाड्याची इमारत, पुढे सिमेंटचं अंगण, त्यात एक झेंड्याचा खांब. मुखेडपासून देवणीपर्यंतचे म्हातारे फौजी, त्यांच्या बायका, कुणाचे आईबाप, सगळे तिथं येतात. रामलिंग तिथं अकरा वर्षं ड्रेसिंगला होता. करारावर. दरवर्षी करार संपायचा, दरवर्षी नवा व्हायचा. साखरेनं पाय चिघळलेली माणसं दवाखान्यात शिरताच आधी विचारायची, रामलिंग हाय का? असेल तर नंबर लावायची, नसेल तर उद्या येतो म्हणून परत जायची. त्याच्या हाताला वजनच नव्हतं. जुनी पट्टी जखमेला चिकटलेली असली की तो समोरच्याला तुरीचं, पावसाचं, लेकीच्या सोयरिकीचं विचारायचा. माणूस उत्तर देऊन संपेपर्यंत पट्टी निघालेली असायची.

तर असा हा माणूस. दोन वर्षांपूर्वी त्याचा करार संपला आणि नवा झाला नाही. वरून कागद आला की पुढील आदेशापर्यंत भरती गोठवली आहे, नवीन नेमणूक नाही, नूतनीकरण नाही. लेहला आमच्या बाटलीतलं पाणी गोठायचं, ते मी पाहिलंय. बेचाळीस अंशांच्या उन्हात अहमदपुरात बसून भरती गोठलेली मी पहिल्यांदा पाहिली. रामलिंगनं चाव्या दिल्या, ट्रे पुसून जागेवर ठेवले आणि घरी आला. कुणाला शिव्या दिल्या नाहीत. शिव्या मी दिल्या, पण त्या चहाच्या टपरीवर, जिथं त्या ऐकायला टपरीवाल्याशिवाय कोणी नव्हतं.

त्याच्यामागून रक्त तपासणारा पोरगा नांदेडला खासगीत निघून गेला. प्रयोगशाळेला कुलूप लागलं. मग यंदाच्या मार्चमध्ये डॉक्टर दामिनीबाईंचा करार संपला. बाई चांगल्या होत्या, तोंडाच्या जरा फटकळ, पण निदान पक्कं. त्याही गेल्या. राहिले कोण? औषध देणारा, एक कारकून आणि झाडणारी चांगुणा. डॉक्टरविना दवाखाना म्हणजे नवरदेवाविना वरात, पण वरात चालूच होती. दर बुधवारी दुसरीकडून एक डॉक्टर उसना यायचा. त्याला गोळ्या लिहिण्याचा अधिकार होता. मोठ्या दवाखान्यात पाठवण्याची चिठ्ठी देण्याचा नव्हता. ती चिठ्ठी त्या दवाखान्यावर नेमलेल्या डॉक्टरच्या सहीनेच निघते, आणि असा नेमलेला डॉक्टर नव्हता. त्या चिठ्ठीशिवाय लातूरच्या किंवा नांदेडच्या मोठ्या इस्पितळात आमचं फुकट उपचाराचं फौजी कार्ड म्हणजे नुसता रंगीत तुकडा.

मे महिन्यात केवळाबाईंच्या पायात बाभळीचा काटा गेला. केवळाबाई म्हणजे रामलिंगची बायको. नवरा चोवीस वर्षं बाहेर असताना शेत, सासू-सासरे, दोन देवणी गाई आणि सत्यम नावाचा मुलगा हे सगळं त्यांनी एकटीनं ओढलं. सत्यम आता पुण्यात कंपनीत असतो, सून आरतीही तिकडेच. बाईंना साखरेचा त्रास जुना. पायाला बधिरपणा आलेला, त्यामुळे काटा गेल्याचं त्यांना आठ दिवसांनी कळलं, तेही चपलेला रक्त दिसलं तेव्हा.

रामलिंगनं काटा काढला, जखम धुतली, रोज ड्रेसिंग सुरू केलं. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं मला बोलावून पाय दाखवला. मी काही वैद्य नाही, पण अंगठ्याजवळचा तो निळसर रंग मलाही आवडला नाही. रामलिंग म्हणाला की वरून रक्तच पोचत नाही, नस बंद झाली आहे. पट्टी बदलून काही होणार नाही, नस उघडावी लागेल, आणि ते लातूरच्या मोठ्या इस्पितळातच होतं. त्याला सगळं कळत होतं. अशा पायांचं पुढे काय होतं, ते त्यानं आयुष्यभर पाहिलं होतं. एवढं कळणाऱ्या माणसाला कागदाच्या एका तुकड्यासाठी बसून राहावं लागतं, याचा मला आजही संताप येतो.

नवरा-बायको पहिल्या बुधवारी गेले, त्या दिवशी उसना डॉक्टर आलाच नाही. दुसऱ्या बुधवारी आला, पाय पाहिला, खरं निदान केलं आणि हात वर केले. चिठ्ठीसाठी दुसऱ्या जिल्ह्यातल्या फौजी दवाखान्यात जा म्हणाला. रामलिंग बायकोला एस.टी.नं पाच तास घेऊन तिकडे गेला. तिथला डॉक्टर म्हणाला, तुमचं कार्ड आमच्याकडचं नाही, बदली करून आणा. बदलीचा अर्ज कोणाच्या सहीनं पुढे जातो? अहमदपूरच्या डॉक्टरच्या. मी रामलिंगला म्हटलं, खासगीत दाखव, पुढचं पुढे पाहू. तो म्हणाला, "चोवीस वर्षं केली न्हाई का नोकरी? ह्यो इलाज आपला हक्क हाय, भीक न्हाई." हक्काची माणसं अशीच मरतात, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

जुलैच्या शेवटी बातमी आली की वरचे ब्रिगेडियर साहेब दवाखान्याची तपासणी करायला येणार. आमच्या माजी सैनिक संघटनेचे प्रमुख ऑनररी कॅप्टन सटवाजी काका. वय अठ्ठ्याहत्तर, मिशा अजून काळ्या करतात, आवाज अजून परेडचा. त्यांनी सगळ्यांना अंगणात जमवलं. मला वाटलं, आता काका म्हणतील, साहेबांना दाखवू या काय हाल आहेत ते. काका म्हणाले, चुना आणा, गेरू आणा.

फौजेत राहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही, बाकीच्यांना सांगतो. साहेब तपासणीला येणार म्हटलं की फौजेत झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागतो, दगडांना पांढरा रंग लागतो, नळ गळत असला तर त्या दिवसापुरता बंद होतो. जे नाही ते शेजारच्या पलटणीकडून उसनं आणून मांडायचं आणि साहेब गेले की परत करायचं. कमी आहे असं दाखवणं म्हणजे पलटणीची नाचक्की. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे आमच्या अंगात इतकं भिनलंय की पेन्शनीत येऊन वीस वर्षं झाली तरी जात नाही.

तर आम्ही झेंड्याचा खांब रंगवला. अंगणातल्या विटांना चुना लावला. चांगुणा आमच्याकडे बघून हसत होती. आणि मग काका म्हणाले की खोल्या रिकाम्या दिसता कामा नयेत. तपासणी बुधवारी होती, म्हणून उसना डॉक्टर होताच. प्रयोगशाळेचं कुलूप काढून तिथं सूक्ष्मदर्शकापुढे एका निवृत्त रडार मेकॅनिकला बसवायचं ठरलं. तो म्हणाला, याच्यातून बघायचं कुठून ते तरी सांगा. ड्रेसिंगच्या खोलीत रामलिंग. कोणाची जागा कुठे, याची यादी कोणी टाइप केली? मी केली. तीन प्रती काढल्या, खाली समास सोडून. कारकुनाची खोड.

काकांनी डॉक्टर दामिनीबाईंनाही फोन लावला, एक दिवस येऊन बसा म्हणून. फोनचा आवाज मोठा होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "काका, रिकाम्या खुर्च्या रिकाम्याच दाखवा," बाई म्हणाल्या. "एकदा भरलेल्या दिसल्या की पुन्हा कोणी भरणार नाही." काकांनी फोन ठेवला आणि म्हणाले, सिव्हिलियन आहे, तिला फौजेची इज्जत काय कळणार. आम्ही माना हलवल्या. मीही हलवली. बाईंचं म्हणणं सोळा आणे खरं आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं, तरी हलवली.

काकांचा बेत वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. उघड दरबारात कोणी तक्रार करायची नाही, जागा भरण्याचं मी साहेबांना चहाच्या वेळी खासगीत सांगतो, असं ते म्हणाले. फौजेत असंच चालतं. पण रामलिंगला तेवढा धीर नव्हता. त्यानं केवळाबाईंचं नाव, कार्डाचा नंबर आणि पायाची हकीकत एका कागदावर लिहून खिशात ठेवली. साहेब ड्रेसिंगच्या खोलीत आले की हातात देणार होता. घरी बायकोला तसं सांगून आला होता. मलाही मुखेड नाक्यावर भेटला तेव्हा खिशावर हात ठेवून म्हणाला, आज काम होतंय.

साहेब अकरा वाजता आले. आम्ही वीस-पंचवीस म्हातारे बाकांवर बिमार म्हणून बसलो होतो आणि मी सगळ्यांत पुढे, ड्रेसिंगच्या खोलीच्या दाराशी. माझं हिंदी बरं, म्हणून मला पुढे बसवलं होतं. मला सगळं दिसत होतं. रामलिंगनं आपला जुना पांढरा कोट इस्त्री करून घातला होता. ट्रे असे चमकत होते की आत तोंड पाहावं. साहेब दारात येताच त्याच्या टाचा जुळल्या, छाती पुढे आली. पासष्टीला टेकलेला माणूस एका क्षणात चाळीसचा झाला.

साहेबांनी ट्रे पाहिले, कपाट पाहिलं. "शाबाश. कितने साल से हो यहाँ?"

"ग्यारह साल, साहब."

"कोई तकलीफ?"

मी रामलिंगच्या हाताकडे पाहत होतो. हात खिशाकडे गेला नाही. पँटच्या शिवणीला चिकटला तो तिथंच राहिला.

"नहीं, साहब."

साहेब वळले आणि मला विचारलं, इलाज बरा मिळतो का? हेच सांगायचं मी टाळत होतो. मी उभा राहिलो. माझ्या अंगावर कोट नव्हता, मी कुणाची जागा भरायला बसलो नव्हतो. दहा फुटांवर रामलिंग उभा होता, आणि त्याच्या बायकोचा पाय मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. मी म्हणालो, बहुत बढ़िया, साहब. इतकंच नाही, सेवेबद्दल समाधानी आहोत असा जो कागद पुढे फिरवला, त्यावर मी पहिली सही केली. दुसरी रामलिंगनं केली, लाभार्थी म्हणून.

चहाची वेळ आलीच नाही. साहेबांना नांदेडला गुरुद्वाऱ्यात माथा टेकून संध्याकाळची गाडी धरायची होती. सटवाजी काका गाडीच्या दारापर्यंत गेले, सॅल्यूट केला, गाडी गेली.  काका धुळीकडे बघत म्हणाले, पत्र लिहू.

मोटारसायकलवर परत जाताना रामलिंग मागे बसला होता. गावाचा फाटा आला. मग म्हणाला, "गुरप्पा, तोंडच उघडलं न्हाई बग. साहेब म्हटल्यावर जीभ टाळ्याला लागली. घरी काई सांगू नको." घरी केवळाबाई ओसरीवर पाय उंच करून बसल्या होत्या. त्यांनी विचारायच्या आधीच तो म्हणाला की साहेबांच्या कानावर घातलंय, होईल महिन्याभरात. मी शेजारी चहा पीत होतो. मी मान हलवली.

सप्टेंबरमध्ये काकांच्या पत्राला उत्तर आलं. प्रत्यक्ष तपासणीत उपलब्ध मनुष्यबळ पुरेसे आढळले, रुग्णसेवा सुरळीत आहे, सबब रिक्त पदे भरण्याची मागणी विचारात घेता येत नाही. मी आयुष्यात हजारो पत्रं टाइप केली, पण इतकं निर्दोष पत्र नाही. एक शब्द खोटा म्हणता येत नव्हता. साहेबांनी जे पाहिलं ते लिहिलं, आणि त्यांनी जे पाहिलं ते आम्ही मांडलं होतं. ज्यांनी चार हजार माणसांचा डॉक्टर काढून घेतला त्यांना मी माफ करणार नाही. पण त्यांच्या हाताला लागणारा चुना आम्ही कालवून दिला, हेही लिहून ठेवतो.

दसऱ्याच्या आठवड्यात पाय काळा पडला. ताप चढला, केवळाबाई बरळायला लागल्या. शेजारच्या अमरेशच्या जीपमधून आम्ही त्यांना लातूरला नेलं. जीव जायची वेळ आली असेल तर थेट भरती करून घेतात, तिथं आधीची चिठ्ठी लागत नाही. दोन तासांत ऑपरेशनला घेतलं. गुडघ्याच्या वर. सर्जन तरुण होता, सरळ बोलणारा. म्हणाला, जून-जुलैत आला असता तर नस उघडून पाय ठेवता आला असता, फार तर अंगठा गेला असता. पाय वाचवायला चिठ्ठी लागत होती, कापायला लागली नाही. हा नियम ज्यानं केला त्याला मला एकदा भेटायचं आहे.

मग मला लिहिण्याचं बळ आलं, वरातीमागून घोडं. मी सविस्तर तक्रार केली, तारखांसह, बुधवारांसह. महिन्याभरात उत्तर आलं, शांत भाषेतलं. सोबत जोडपत्र म्हणून एका कागदाची झेरॉक्स. सेवा अत्यंत समाधानकारक. खाली पहिली सही माझी, दुसरी रामलिंगची. म्हणजे तक्रार करणाराही मी आणि तक्रार खोटी पाडणाराही मीच. पुढे काही लिहायला जागाच उरली नाही.

तो कागद घेऊन मी रामलिंगकडे गेलो. नोव्हेंबरची सकाळ होती. तो मागे चुलीवर पाणी तापवत होता, बायकोच्या ड्रेसिंगसाठी. केवळाबाई ओसरीवर बाजेवर बसल्या होत्या, मांडीवरून चादर, पुढ्यात सुपात तुरीच्या शेंगा. गाई विकल्या होत्या. खाली बसता येत नाही तर धार कोण काढणार? मला बसायला सांगून त्या शेंगा सोलत राहिल्या. मग मागे कानोसा घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, एक खरं सांगा. साहेब आले त्या दिशी हे बोलले व्हते का न्हाई?"

आजवर जे खोटं बोललो ते पुरे, असं वाटलं. मी म्हणालो, नाही बोलला. कागद खिशातच राहिला.

त्या चिडल्या नाहीत. सुपातला कचरा बाजूला सारत म्हणाल्या, "मला ठावं व्हतं. घरात आले तवाच कळलं. लगीन झाल्यापास्नं बगते, सायबापुढं ह्यांचं तोंड उघडत न्हाई. त्यांचा मला राग न्हाई." मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "पर भाऊजी, माजा पाय तर तुमी बी बगितला व्हता."

 मागे बादलीचा आवाज झाला. केवळाबाईंनी चादर सारखी केली आणि घाईनं म्हणाल्या, मला कळलंय ते त्यांना सांगू नका, ते जेवायचे नाहीत. मी हो म्हणालो. रामलिंग गरम पाणी घेऊन आला, बायकोच्या पुढ्यात खाली बसला आणि पट्टी सोडायला लागला.